परक्या खिडकीला घरचा रंग

सर,

तुम्ही गेल्यापासून मी तीन नंबरच्या मशीनला, तुमच्या कॉम्प्युटरला, हात लावला नव्हता. आज लावला, कारण तुमच्या घरी काकी म्हणाल्या, पडदा पुसून ठेव, धूळ बसता. पुसला. मग राहवेना म्हणून सुरू केलं आणि ब्राउझर उघडला. बटणं तशीच आहेत, गोलसर कडांची, फिकट निळी, मशीनच्या बाकी सगळ्या खिडक्यांसारखी. त्या बटणांवर तुम्ही दीड वर्ष राबलात. आणि त्यातले सहा-सात महिने मी तुम्हाला चोर समजत होते.

हे आधीच सांगून टाकते. नाहीतर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि मुख्य तेवढंच राहील, जसं तुम्ही असताना राहिलं. मी तुमच्यावर संशय घेतला. नुसता मनात घेतला असता तर एक वेळ चाललं असतं. मी तो बोलून दाखवला, तुम्हाला नाही, आपल्या एका गिऱ्हाइकाला. त्यानंतर माणसं येईनाशी झाली. माझं बोलणं तुमच्या कानावर कधी आलं का, हे मला माहीत नव्हतं. तुमचं तेरावं झालं, आणि त्याच संध्याकाळी काकींनी दुकानाची चावी माझ्यासमोर पाटावर ठेवली. म्हणाल्या, "आता तूच चालव." मी चावी उचलली नाही. उचलायच्या आधी त्यांना सांगायला हवं होतं, आणि सांगितलं तर चावी जाणार, तुम्ही राहायला दिलेली मागची खोली जाणार. परमुलखात खोली गेली म्हणजे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

मी परभणीकडची. आठवीत शाळा सुटली. नवरा बोअरवेलच्या गाडीवर, गाडी जाईल तिथं तो. वेंगुर्ल्याला गाडी आली आणि मी इथं राहून गेले, एवढंच माझं या गावाशी नातं. आधी काजूच्या कारखान्यात बसले. टरफलाचं तेल लागून बोटांची कातडी काळी पडते, सोलून निघते. तुमच्याकडे मी झाडू मारायला आले त्या दिवशी तुम्ही माझ्या तोंडाकडे नाही, बोटांकडे बघितलंत.

"टायप करूक येता?"

मला वाटलं, थट्टा करतायत. मग वाटलं, थट्टा नाही, काहीतरी हेतू असणार. फुकट गोड बोलणाऱ्या माणसाचं मला लई भ्या वाटतं. घरून निघताना आईने बाकी काही दिलं नव्हतं, हे भ्या तेवढं बांधून दिलं होतं.

तुम्ही मूळचे टायपिंगचे मास्तर. पाटीवर अजून वर 'टायपिंग इन्स्टिट्यूट' आणि खाली नंतर रंगवलेलं 'इंटरनेट' आहे. टाइपरायटर माळ्यावर गेले, पाच कॉम्प्युटर आले, पण शिकवणं तेच राहिलं. कळफलकावर फडकं टाकून तुम्ही मला बसवायचात. मी फडक्याखाली डोकवायला गेले की टेबलावर पट्टी वाजायची. "बोटांक डोळे असतत गो बाय. डोळ्यांक एकदा फसवशीत, बोटांक नाय." तेव्हा ते मला मास्तरांचं नेहमीचं बोलणं वाटलं होतं.

मग एके दिवशी तुम्ही पाचही मशीनवरची जुनी सिस्टीम काढून टाकलीत. ती विकत घेतलेली नव्हती, कुणाच्या तरी सीडीवरून चढवलेली. तशी ती सगळ्या गावातच होती, कुणाला त्याचं काही नव्हतं. तुम्हाला मात्र टोचायचं. "पोरांका प्रामाणिकपणाचे उतारे टायप करूक देतंय, आणि मशीनाच्या पोटात चोरीचो माल." त्या जागी तुम्ही लिनक्स घातलंत, फुकट आणि कायद्यातलं. त्याच्याबरोबर नवा ब्राउझर आला.

लोक बिथरले. दारातूनच, जुन्या ब्राउझरची खूण शोधत, विचारायचे, "मास्तर, तो निळो ई खंय गेलो?" तुम्ही समजावायचात, इंटरनेट तेच, आत शिरायचं दार फक्त वेगळं. त्यावर एक मासेवाली आक्का, मुलाचा जहाजावरून आलेला मेल वाचून घ्यायला आलेली, टोपली बाहेर ठेवून आत आली, पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "दार बदलल्यार घर ताच ऱ्हवता काय? माका ह्यो डुप्लिकेट दिसता." तुम्ही हसलात. मी नाही हसले. मला तिचं पटलं होतं.

कारण ब्राउझर खरंच वेगळा दिसायचा. नव्या सिस्टीमची स्वतःची एक ठेवण होती. लिहिण्याची खिडकी घ्या, फोल्डर घ्या, घड्याळ घ्या, सगळ्यांची बटणं एका घरातल्या भावंडांसारखी, निळसर, गोल कोपऱ्यांची. ब्राउझर तेवढा करड्या, चौकोनी बटणांचा. पान वर-खाली करायचा कडेचा सरकपट्टा जाडा, अक्षर बारीक, टिकमार्क करायचे चौकोनसुद्धा निराळे. कुणीही बघून ओळखावं, हा इथला नाही. खरं सांगू? मला तो बघून बरं वाटायचं. त्या दुकानात इथला नसलेला माझ्याशिवाय आणखी एक होता.

उभादांड्याच्या आबांच्या मुलीचा अर्ज गेला नाही, तिथून तुमचं ब्राउझर बदलायचं वेड सुरू झालं. आबा म्हणजे होडीवाले, आयुष्यात कधी मशीनसमोर न बसलेले. मुलगी शुभांगी हुशार, कॉम्प्युटरचा क्लास केलेली, नर्सिंगचा अर्ज भरायला आलेली. तासभर बसून तिनं सगळं भरलं. शेवटी छोटी चौकट आली, अर्ज पाठवायचा का? खाली दोन बटणं. ती शिकली त्या जुन्या सिस्टीमवर 'होय' डावीकडे आणि 'रद्द' उजवीकडे असायचं. आपल्या नव्या सिस्टीमच्या बाकीच्या खिडक्यांतही तसंच. एकट्या ब्राउझरला ते उलटं यायचं. तिनं वाचलं नाही. वाचायची गरजच नव्हती, हात ओळखीच्या जागी गेला. चौकट नाहीशी झाली, तिनं देवाला हात जोडले, खिडकी बंद केली आणि घरी गेली. अर्ज गेलाच नव्हता. कळलं तेव्हा मुदत संपून गेली होती.

तुम्ही उभादांड्याला गेलात, मला बरोबर घेतलंत. आबा अंगणात जाळं शिवत होते. शुभांगी आतून बाहेर आलीच नाही.

"मास्तर, चूक आमच्या चेडवाची," आबा म्हणाले. "वाचून दाबूक व्हया होता तिना."

"वाचून कोण दाबता, आबा? तू होडयेत दोरी वाचून ओढतंस?"

जाळ्याची सुई चालू राहिली. परत येताना तुम्ही एकदम म्हणालात, "जिन्याची एक पायरी उलटी बांधल्यार पडता त्याची चूक कशी?" माझ्या मनात तेव्हा काय आलं ते लिहिते, कारण आज लपवायचं नाही असं ठरवलंय. माझ्या मनात आलं, गिऱ्हाईक सांभाळायला बोलतायत.

त्यानंतर रोज दुपारी, जेवणाच्या वेळेला शटर अर्धं ओढलं की तुम्ही तीन नंबरवर बसायला लागलात. पाठ माझ्याकडे, पडदा तुमच्या आडोशाला. मी माझा डबा खायचे आणि तुमच्या पाठीकडे बघायचे. फाईल उघडायची, त्यात इंग्रजीत दोन ओळी घालायच्या, ब्राउझर बंद करायचा, पुन्हा उघडायचा, नाक पडद्याला लावून बघायचं, मान हलवायची. एकदा फोनवर पुण्याच्या कुणा ओळखीच्या माणसाला सांगताना ऐकलं, "तंतोतंत दिसाक व्हया. कोणाक फरक कळता नये."

कुणाला फरक कळता कामा नये! सर, तुम्हीच सांगा, आठवी शिकलेल्या बाईने हे ऐकल्यावर काय समजावं?

आधी मी तुमच्याशी सरळ भांडलेसुद्धा. म्हणाले, "तो बाहेरचा आहे ना, मग बाहेरचा दिसू द्या. घरच्यासारखं रंगवून बसवलं की लोकांना फसवल्यासारखं होतं."

"फसवणूक कशी? दुसऱ्याच्या घराक गेल्यार तू चपला भायर काढतंस मां? ती काय फसवणूक? रीत ती."

"चपला काढल्या म्हणून माणूस घरचा होतो का?"

"होना नाय. पण घरच्यांका त्रास होना नाय."

याच सुमाराला तुम्ही मला गिऱ्हाइकांशी मालवणीत बोलायला शिकवत होतात. 'मला' नको 'माका' म्हण, 'कुठे' नको 'खंय' म्हण. मी म्हणायचे आणि माणसं हसायची. "ही घाटावरची बग कशी बोलता!" तुम्ही म्हणायचात, हसले म्हणजे दुकानात बसले. मला वाटायचं, ब्राउझरला रंगवतायत तसं मलाही रंगवायला घेतलंय. भांडण तिथंच अडकलं. तुम्ही तुमचं सोडलं नाही, मी माझं नाही.

मग ते फोल्डर. तुम्ही बाजारात गेला होता, एका विद्यार्थ्याला जागा हवी होती म्हणून मी तीन नंबर सुरू केलं. 'नमुने' नावाचं फोल्डर होतं. उघडायला नको होतं, उघडलं. आत वीस-पंचवीस चित्रं, सगळी एकाच पानाची. मेल उघडताना नाव आणि पासवर्ड टाकायचं पान असतं ना, ते. पडद्याचे फोटो काढून ठेवलेले. पासवर्डच्या चौकटीचा तर एवढा मोठा केलेला फोटो की पडदाभर ती एकच चौकट. 'पासवर्ड' हा इंग्रजी शब्द तोवर मला वाचता येत होता. तुम्हीच शिकवला होता.

त्याच आठवड्यात आपल्याकडे रोज सकाळी येणाऱ्या एका पेन्शनर काकांनी मला पेपरातली बातमी वाचून दाखवली होती. कुणी भामटे बँकेसारखं हुबेहूब पान बनवतात, माणूस खरं समजून पासवर्ड टाकतो आणि लुबाडला जातो. हुबेहूब. तंतोतंत. फरक कळता नये. माझ्या डोक्यात तिन्ही शब्द एका दोरीत ओवले गेले. वाटलं, चोरीची सिस्टीम टोचते म्हणणाऱ्या माणसानं हे मांडलंय! मग वाटलं, टोचते म्हणत होते ते ह्याचसाठी, कुणाला संशय येऊ नये म्हणून. संशय एकदा चालायला लागला की त्याला तुमचा चांगुलपणासुद्धा पुराव्यासारखा दिसतो. मला टायपिंग शिकवलं, का? खोली दिली, का? मी परकी, उद्या काही झालं तर नाव माझ्यावर ढकलायला सोपी.

दुसऱ्या दिवशी पेन्शनर काका मुलीचा मेल बघायला बसले. पाचव्या मशीनवर आणखी दोन माणसं होती. मी काकांच्या शेजारी उभी राहून म्हणाले, "काका, पासवर्ड जपून टाका हो. सर त्या पानाचे फोटो काढून ठेवतात."

एवढंच. याहून एक शब्द जास्त नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पासवर्ड न टाकता उठले आणि गेले. ते परत आले नाहीत. पाचव्या मशीनवरची दोघं पुढच्या आठवड्यापासून दिसली नाहीत. मग एकेक कमी होत गेलं. इथली माणसं तोंडावर येऊन भांडत नाहीत, नुसती रस्त्याच्या पलीकडून जायला लागतात. स्टँडजवळच्या नव्या सायबरमध्ये आपली माणसं बसलेली मी स्वतः बघितली. एकदा बाजारात पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "मास्तराकडे नको गो, थंय कायतरी वेगळाच चल्लला आसा."

आणि तुम्ही? तुम्हाला वाटलं, ब्राउझर अजून परका दिसतो म्हणून माणसं जातायत. "कायतरी ऱ्हवला हा अजून. लोकांक सांगूक येना नाय, पण डोळ्यांक टोचता." असं म्हणून तुम्ही सरकपट्ट्याच्या मागे लागलात. तो पडद्याच्या मापाने दोन ठिपके जाड होता. मग टिकमार्कचे चौकोन. मग अक्षर. माणसं कमी होत गेली तसा तुमचा ब्राउझर सुबक होत गेला, आणि मी डबा खात बघत राहिले. कारण एका बाजूला मला वाटत होतं, बरं झालं लोक वाचले. आणि दुसऱ्या बाजूला, ह्या माणसाच्या पाठीत कुणी सुरी खुपसली असेल तर ती मी.

तेव्हाच एक गोष्ट झाली, जिचा अर्थ मी तेव्हा पार उलटा लावला. एका दुपारी तुम्ही तीन नंबरचं टेबल फिरवलंत. पडदा तुमच्या पाठीआड असायचा तो माझ्या टेबलाकडे केलात. आणि हाक मारलीत, "हडे ये. डबो घेवन ये. बस बाजूक."

त्या दिवसापासून मला रोज शेजारी बसवायला लागलात. प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायचात, ही ओळ काय करते ते सांगायचात, मग पुसून मला पुन्हा टाइप करायला लावायचात. ही रंगाची, ही कोपऱ्याची, ही अक्षराच्या उंचीची. मला वाटलं, सामील करून घेतायत. उद्या पोलीस आले तर दोघांना नेतील. मी ओळी टाइप करायचे आणि दाराकडे बघायचे. "दाराकडे कोण आसा?" तुम्ही विचारायचात. "कुणी नाही." "मग हडे बघ."

मग ते चित्र तुम्ही माझ्यासमोर उघडलंत, तेच, पासवर्डच्या चौकटीचं. तुम्ही शेजारी दुसरं चित्र लावलंत, सिस्टीमच्या स्वतःच्या खिडकीतल्या चौकटीचं, तेवढंच मोठं केलेलं. "मोज," म्हणालात. "ह्या कोपऱ्याक ठिपके किती? आणि त्या कोपऱ्याक?" एका कोपऱ्याला तीन होते, दुसऱ्याला दोन. हे पानच का घेतलंत असं मी विचारलं.

"ह्या एका पानार सगळी भांडी आसत. लिवची चौकट आसा, टिकमार्क आसा, बटण आसा. धा पाना उघडूक कोणी सांगल्यानी?"

मी ठिपके मोजत बसले. वर बघायची हिंमत नव्हती. पंचवीस चित्रं, एकातही कुणाचं नाव नाही, कुणाचा पासवर्ड नाही. सगळ्या चौकटी रिकाम्या. हे मला पहिल्या दिवशीही दिसलं असतं. मी बघितलं होतं, पण मला रिकामं दिसलं नव्हतं.

तिथून पुढे रोज सांगायचं ठरवायचे. एकदा तोंडापर्यंत आलं. "सर, एक बोलायचं होतं." तुम्ही फाईलमधून डोकं न काढता म्हणालात, "काय, गावाक जावचा आसा?" मी हो म्हणाले. आणि काही काम नसताना चार दिवस परभणीला जाऊन आले.

होय आणि रद्दच्या जागा बदलायला शेवटी एका फाईलमध्ये एकच ओळ घालायची होती. ती ओळ कुठली हे शोधण्यात अख्खा पावसाळा आणि पुढचा हिवाळा गेला. कुठल्याशा थंड देशातल्या अनोळखी माणसाने ती तुम्हाला लिहून पाठवली आणि तुम्ही त्याला आंब्याच्या दिवसांत जेवायला बोलावलंत. ओळ मला टाइप करायला दिलीत. ब्राउझर पुन्हा उघडला. होय डावीकडे, रद्द उजवीकडे, सिस्टीमसारखं. तुम्ही पाचही मशीनवर जाऊन ती चौकट पुन्हा पुन्हा उघडलीत, मिटलीत, लहान मुलाने नवी छत्री करावी तशी.

आणि पुढच्या जूनमध्ये आबा आले. शुभांगी कुडाळला मावशीकडे होती, तिनं सगळं कागदावर लिहून पाठवलेलं. तुम्ही अर्ज भरलात आणि म्हणालात, शेवटचं बटण बापाने दाबायचं. आबांनी हात धोतराला पुसला, बोट पुढं केलं आणि सरळ उजवीकडचं दाबलं. रद्द!

"आबा! होय डाव्या बाजूक आसा!"

"डाव्या बाजूक होय?" आबा खरोखर चिडले. "मास्तर, देवळात कौल लावतंस तेव्हा फूल खंयच्या बाजूचा पडला तर देवान होय म्हटला? उजव्या! डावो कौल म्हणजे नाय. तुझो मशीन उलटोच आसा."

"अरे आबा, देवाचो उजवो म्हणजे आपलो डावो! देव आपल्याकडे तोंड करून बसलो मां? तसोच ह्यो पडदो."

आबांनी पडद्याकडे नीट बघितलं. मग म्हणाले, "मशीन देव न्हय, मास्तर."

तुम्ही इतके हसलात की चष्मा खाली पडला. अर्ज पुन्हा भरला, ह्या वेळी गेला. पण मी तुम्हाला सोडलं नाही. म्हणाले, बघा, तुम्ही बदललं नसतं तर आबांचं बोट बरोबर पडलं असतं. जो कधी मशीनवर बसला नाही त्याचं बोट उजवीकडे जातं. मग ब्राउझरचं मूळचंच काय वाईट होतं? तुम्ही म्हणालात, उजवीकडे हवं तर सगळी सिस्टीम उजवीकडे करू, पण एका घरात दोन होय-नाय नको. मी म्हणाले, मग करा सगळी. तुम्ही म्हणालात, विचार करतंय. दिवाळीपर्यंत विचारच करत होतात. दिवाळी झाली आणि तुम्ही गेलात. भांडण माझ्याकडेच आहे, अर्धं. मला अजून वाटतं माझं बरोबर होतं.

आता कालचं. काकी पडवीत सुपात तांदूळ निवडत होत्या. चावी तीन दिवस पाटावर तशीच. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. फोल्डर, काका, पासवर्ड जपून टाका, सगळं. सांगताना त्यांच्या हाताकडे बघत होते. हात थांबला नाही.

"माका म्हायत आसा," काकी म्हणाल्या.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. पेन्शनवाले थंयसून उठान सरळ हडे इले. ह्यांच्या तोंडार सांगल्यांनी, तुमची बाई असा असा म्हणता, खरा काय ता बोला. ह्यांनी सांगल्यांनी खरा काय ता. पण पेन्शनवाल्यांचा मन खट्टू झाला ता झालाच."

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. सरकपट्ट्याच्या मागे लागलात तेव्हा ठाऊक होतं. 'गावाक जावचा आसा?' विचारलंत तेव्हाही.

"मी सांगलंय ह्यांका," काकी म्हणाल्या, "काडून टाका तिका. खोलयेतसून पण काडा. हे आयकाक नाय. म्हणाले, तिका पडद्यार काय चल्ला ता कळना नाय, म्हणान ती भियता. शिकवलंय की भियाची नाय."

सर, संशय फिटल्यावर मला वाटायचं तुम्ही मला हुशार समजून शेजारी बसवलंत. टेबल फिरवलंत ते मला ओळी शिकवायला, ह्या समजुतीवर मी जवळजवळ वर्षभर मान वर करून चालले. परभणीला आईलाही सांगून आले, मास्तर म्हणतात मला डोकं आहे. आणि तुम्ही तर फक्त माझ्या भ्यावर औषध करत होतात. रागवायचंत तरी. एकदा विचारायचंत, का गं असं बोललीस? मी रडले असते, पाया पडले असते, मोकळी झाले असते. तुम्ही मला ठिपके मोजायला बसवलंत.

कदाचित माणसं माझ्या बोलण्याने गेली नसतील. स्टँडजवळ नवी मशीन आली होती, लाईन वेगवान होती. काकी म्हणतात, दोन्ही असेल. मला त्यातही संशय आला, समजूत काढतायत का? पण मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि तो गेला. त्या समजूत काढत नव्हत्या.

"ह्यांनी तुका माफ केल्यांनी आसतला," त्या म्हणाल्या. "मी नाय. चावी देतंय कारण ह्यांचा काम तुझ्याशिवाय कोणाक येना नाय. माफी माका मागू नको. जितक्यांनी ता आयकला, तितक्यांका सांग, मास्तर तसो नव्हतो."

घरोघर कुठं फिरू? म्हणून सगळ्यांनी वाचावं असं हे लिहायला बसले, तीन नंबरवर, फडकं न टाकता. लिहून झाल्यावर काकींना वाचून दाखवलं. पहिल्या खर्ड्यात मी त्या पेन्शनर काकांचं नाव घातलं होतं. का, ते मला माहीत आहे: दोष थोडा तिकडे सरकावा म्हणून. काकींनी तिथंच थांबवलं.

"त्यांचा नाव काड. त्यांनी येवन तोंडार विचारल्यांनी. तुझा घाल."

काढलं. तर वेंगुर्ल्यातल्या, उभादांड्यातल्या आणि बाजारात माझ्या पाठीमागे बोललेल्या सगळ्यांनो, मास्तरांनी कुणाचा पासवर्ड कधी बघितला नाही. ते पान बघत होते ते एका मुलीचा हात पुन्हा चुकू नये म्हणून. बोलले ती मी, आणि खोटं बोलले.

माझं नाव सुनंदा.